घण मारणारी

हिरालाल घिसाड्यानं हिशेब मांडला: गावोगाव पाल ठोकून विळे-खुरपी विकण्यापेक्षा तालुक्याच्या वर्कशॉपात नांगराचे फाळ घडवावेत, पक्का पगार, पक्की खोली. बायकोला पालावर ठेवून तो एकटाच गेला.

दुसऱ्याच दिवशी मालक म्हणाला, "लोहार म्हणवतोस, अन् दहा घावांत धापा टाकतोस?"

"मी सांडशीत लोखंड धरतो, शेठ. घण बायको मारते, गजरा."

"मग आण की तिला. पगार मात्र एकच."

गजरा आली. महिनाभर तिच्या घणानं वर्कशॉप दणाणलं आणि पगार हिरालालच्या खिशात गेला. तिनं भाजीला पैसे मागितले.

"किती पाहिजेत?" त्यानं विचारलं.

बाजारात विळ्यांचे पैसे आजवर गजराच कनवटीला लावायची. हा प्रश्न तिला कधी कुणी विचारला नव्हता.