चौथं घराणं

“हा माझा,” म्हातारी म्हणाली आणि तिने भिंतीवरच्या फोटोवर बोट टेकवलं.

फोटोखाली नाव नव्हतं. ‘चौथं घराणं. मुलगा, वय सात’ एवढंच. पोराच्या डोळ्यांवर या कानापासून त्या कानापर्यंत जाड काळी पट्टी होती. आनुवंशिकता संस्थेला पन्नास वर्षं होत होती. ज्या घराण्यांनी पहिल्यांदा तपासणीसाठी रक्त दिलं, त्यांना उद्याच्या समारंभाचं बोलावणं होतं आणि म्हातारी एक दिवस आधीच येऊन ठेपली होती.

“ओळखलंत कसं, आजी?” प्रदर्शन मांडणारी बाई शिडीवरून म्हणाली. “ओळखू येऊ नये म्हणून तर पट्टी असते.”

“अगं, सदऱ्याचं वरचं बटण बघ. ते माझ्या पोलक्याचं. मीच लावलं होतं.” मग ती शिडी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे वळली. तो संस्थेचा जुना छायाचित्रकार. निवृत्त झालेला, पण जुने फोटो त्यालाच ठाऊक म्हणून परत बोलावलेला. “भाऊ, एवढी पट्टी काढून द्या. घटकाभर बघते. आमच्याकडे त्याचा एकही फोटो नाही. या फोटोनंतर वर्षभरात गेला तो.”

“चिकटवलेली नाही हो ती, ताई.”

“शाई आहे? मग पुसा की.”

“थांबा आजी, मी संगणकावर डोळे काढून देते,” शिडीवरची म्हणाली. “अगदी हुबेहूब.”

“कुणाचे?”



हा फोटो देशोदेशींच्या डॉक्टरकीच्या पुस्तकांत छापला होता. चौथ्या घराण्यामुळे त्यांच्या आजाराचा जनुक सापडला, जनुकामुळे संस्थेचं नाव झालं. पोराची दुखरी मान जगाला पाठ होती. आईच्या भिंतीला तेवढा खिळाही नव्हता.

“काका, मूळ काच असेल ना?” शिडीवरच्या बाईला सुचलं. “तेव्हा निगेटिव्ह काचेवर असायची म्हणता ना? तिच्यावरून नवी प्रत काढा. तिच्यावर कुठली पट्टी असायला!”

“बघतो,” तो म्हणाला आणि कोठीकडे निघाला.

बघायचं काही नव्हतं. काच कुठल्या कप्प्यात आहे ते त्याला माहीत होतं, आणि तिच्यावर काय आहे तेही. नियम असा होता की प्रत्येक प्रतीवर हाताने शाईची पट्टी ओढायची. पण त्या वर्षी बाहेरून मागणीवर मागणी. रोज प्रतींचा ढीग, रोज तो कुंचला. तरण्या हातांना कंटाळा आला. एका दुपारी त्याने ब्लेड घेतलं आणि काचेवरचा चित्राचा थरच डोळ्यांपुरता खरवडून टाकला. आता छापा किती छापायच्या त्या प्रती, काचेच्या कोऱ्या जागी पट्टी आपोआप काळी उमटेल. “डोकं चालतं हं तुझं!” म्हणून संचालकांनी पाठ थोपटली होती.

पोरगं गेल्याचं त्याला कळलं ते वंशावळीच्या तक्त्यावर. पोराच्या चौकोनावर मृत्यूची तिरकी रेघ मारायला सांगितली तेव्हा. त्या दिवशी काच आठवली होती त्याला. आठवून तो जेवायला गेला होता.

फुटली म्हणावं, झालं. इतक्या वर्षांत काच फुटतेच. कोठीतून परत येईपर्यंत ही थाप ओठांवर तयार होती. पण हातांनी काच आणलीच होती.

“उजेडात धरा,” तो खिडकीशी उभा राहून म्हणाला.

म्हातारीने धरली. वहीच्या पानाएवढी काच, पानभर चेहरा. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं झालेला.

“अगंबाई, केस पिकले की याचे!” ती हसली. “असता तर पिकलेच असते म्हणा आता.”

मग तिचं हसू थांबलं. डोळ्यांच्या जागी काच कोरी होती. तिने तिथून नख फिरवलं. कडेचे ओरखडे नखाला लागले.

“हे कुणी केलं?”

“मी.”

“का हो?”

नियम होता, मागणी होती, संचालक होते. एकेक उत्तर जिभेपर्यंत आलं आणि माघारी गेलं.

“कंटाळा आला म्हणून.”

शिडीवरची बाई हळूच खाली उतरली. म्हातारी रागावली नाही, रडली नाही.

“तुम्ही तर समोर होतात,” ती म्हणाली. “मला आताशा सगळं पुसट झालंय. कसे होते हो?”

त्याने खूप ताण दिला. त्याला दिवे आठवले, मानेशी धरलेलं माप आठवलं, कॅमेऱ्यावरचं काळं फडकं आठवलं. डोळे आठवेनात.

काही राहिलंय का बघावं म्हणून म्हातारीने काच अगदी तोंडाजवळ नेली. पोराच्या केसांतून तिचे पांढरे केस दिसू लागले, आणि त्या काळ्या चेहऱ्यात, कोऱ्या जागेत, दोन डोळे उघडले. तपकिरी, पाणी भरलेले. डावी पापणी जराशी उतरलेली.

अशीच पापणी बघून, पोरगं झोपेला आलंय असं समजून, त्याने त्या दिवशी दिवा पुढे ओढला होता.

“सगळे म्हणायचे, डोळे आईवर गेलेत,” काचेमागून आवाज आला.

छायाचित्रकाराची मान खाली गेली.

“वर बघा, भाऊ. तो बघतोय.”