खार

"अमेरिकेनं केलं ता बराबर केलं," गोजराने पुन्हा ठणकावलं. "इखाचा कारखाना व्हता तो. उडवला तं उडवला!"

आपली बायको काय बोलून बसली आहे, हे तिचं तिलाच ठाऊक नाही, असं कमळाकरला वाटलं.

तळवलीच्या नाक्यावर अरविंदचं किराणा दुकान. दुकानातच टेलिफोनचा बूथ आणि वर फळीवर टीव्ही. दोन आठवड्यांपूर्वी अतिरेक्यांनी आफ्रिकेतल्या दोन अमेरिकन वकिलाती उडवल्या होत्या. त्याचा बदला म्हणून अमेरिकेने काल रात्री खार्टूम शहरातल्या एका औषध कारखान्यावर क्षेपणास्त्रं सोडली. तिथे औषधांच्या नावाखाली विष बनतं, असा अमेरिकेचा दावा होता. टीव्हीवर सकाळपासून तेच चाललं होतं.

आणि कमळाकरचा मिथुन सहा महिन्यांपासून खार्टूममध्येच होता. औषधाच्या कारखान्यात, पॅकिंगला.

गोजराला यातलं काही सांगितलं नव्हतं. एकुलता एक पोरगा सातासमुद्रापार जातोय म्हटल्यावर तिने विमानाच्या चाकालाच मिठी मारली असती. म्हणून तिने "कुठं चाललाय?" विचारलं, तेव्हा कमळाकर "खार" एवढंच बोलला आणि पुढचं 'टूम' गिळून टाकलं. खाडीपलीकडे मुंबईत खार नावाचं उपनगर आहेच. गोजराने मान डोलावली होती.

आता मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भाचीला फोन लावतो असं सांगून त्याने बूथमध्ये शिरून चार वेळा मिथुनचा नंबर फिरवला. लाइन लागत नव्हती. मिथुनच्या कंपनीचं इंग्रजी नाव त्याला धड वाचता येत नव्हतं, आणि कुणाला विचारायची हिंमत होत नव्हती.

"काकी, पण पुरावा कुठाय?" नंदकिशोर म्हणाला. तो शेजारच्या केमिकल कंपनीत नोकरीला होता. "आमच्याकडे पण रसायनांचे ड्रम असतात. उद्या आमच्यावर टाकतील."

"मग काय मार खाऊन गप बसायचं?" अरविंदने वजन करता करता विचारलं. "त्यांची पन मानसं मेलीत."

"मेली, मान्य. म्हणून दिसेल त्या कारखान्यावर टाकायचं?"

"येवरी मोठी अमेरिका, ती चुकंल?" गोजराचा आवाज चढला. "बघूनच टाकला असंल!"

"आत कोनाची तरी पोरं असतील कामाला," कमळाकरच्या तोंडून निसटलं.

"असतील तं इख बनवनारी असतील!" गोजरा कडाडली. एरवी कधी कुणाच्या कुत्र्यालाही शिव्या न देणारी बाई. कमळाकरला तिचा रागच आला.

तेवढ्यात टीव्हीवर ढिगारा दिसला. काळवंडलेल्या विटा, आणि त्यांच्यात विखुरलेल्या बाटल्या आणि गोळ्यांची पाकिटं.

"बघा काकी," नंदकिशोर म्हणाला. "औषधच आहे."

गोजराच्या हातातली साखरेची पुडी खाली पडून फुटली. ती तांदळाच्या पोत्यावर मटकन बसली.

बूथमधला फोन वाजला. अरविंदने उचलला आणि ओरडला, "कमळाकरकाका, मिथुन हाय!"

कमळाकर धावला.

"बा, मी बरा हाय. आमची कंपनी दुसरी. लांब हाय." आवाज फाटत होता, पण मिथुनचाच होता. कमळाकरने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि तो लहान मुलासारखा रडला.

डोळे पुसून तो बाहेर आला. "खारवरून व्हता. बरा हाय पोरगा."

गोजराने देवाला हात जोडले. मग त्याच्याकडे बघितलं.

"खारला जायाला पासपोट लागतो?"

कमळाकर तिच्यासमोर खाली बसला. "तुला म्हायत व्हतं? आनि तरी सकालपासून अमेरिकेची बाजू घेतेस?"

"मंग काय करू?" सांडलेली साखर गोळा करत गोजरा म्हणाली. "इखाचा कारखाना असता, तं त्याच्यात आपला मिथुन नसता."