पाठ असलेला क्रमांक
ज्या वृद्धाच्या स्मृतीत एकच क्रमांक उरला आहे, त्याच्यासाठी तो जागता ठेवणे हा लेकीचा धर्मच होय. कार्यालयात रेंज मिळत नसे, म्हणून तिने बाबांना पाठ असलेला आपला क्रमांक राखून मोबाइलची कंपनी बदलली आणि फोनच मुका झाला. त्यांना शेजारणीवर सोपवून ती नव्या कंपनीच्या दुकानात आली. “ताई, जुन्या कंपनीने नंबर सोडलाय, आमच्याकडे अजून पोचला नाही. मध्येच लटकलाय,” दुकानदार म्हणाला. “मग आत्ता कुणी लावला तर?” “बंद लागेल. संध्याकाळपर्यंत थांबा.” तेवढ्यात शेजारीण धापा टाकीत आली. “अगं, दूध उतू जातंय म्हणून आत गेले, तर बाबा नाहीत. तुला फोनही लागेना.” मोबाइल मुठीत घेऊन ती रस्त्यावर धावली. कुठेतरी कुणी परका बाबांना सावलीत बसवून तोच क्रमांक वारंवार लावीत असेल. त्या सज्जनास परमेश्वर धीर देवो.