पुस्तकाबाहेरचं गणित

चौथीच्या फळ्यावर दळवीबाईंनी मुद्दाम पुस्तकात नसलेलं गणित लिहिलं: बाकावर तीन-तीन मुलं बसवली तर दोघं उभी राहतात, चार-चार बसवली तर एक बाक रिकामा उरतो. मुलं किती?

"बाई, गुणाकार का भागाकार?" कायम पहिली येणाऱ्या मृण्मयीने विचारलं. बाईंनी नुसतं फळ्याकडे बोट दाखवलं, तशी तिची पेन्सिल अडली.

मागे सुगंधा चिंचोके मांडत होती, मोडत होती. "वीस," ती घाबरत म्हणाली.

उत्तर बरोबर होतं. "कसं काढलंस?"

"मला कुठं काय येतंय, बाई? म्हणून मांडून बघितलं."

मृण्मयीचे डोळे भरले. "बाई, हे तुम्ही शिकवलंच नव्हतं."

दळवीबाईंनी टेबलावरच्या 'अप्रगत' मुलांच्या यादीतून सुगंधाचं नाव खोडलं. मृण्मयीकडे मात्र त्यांना बघवेना.