आपापली खाट

"सगळं बघून झालंय की मॅडम, आता सही तेवढी करा," कंपनीचा मॅनेजर हसत म्हणाला.

खोली चकाचक होती. बारा खाटा, बारा नव्या चादरी, आणि चादरींवर पाकिटातल्या घड्यांच्या रेघा अजून तशाच. भारतीय दूतावासातर्फे कामगारांच्या खोल्या तपासायला आलेल्या हेमलता गावंडेला त्या रेघा खटकल्या. निघताना साहेबांनी बजावलं होतं, या कंपनीशी वाकड्यात शिरू नका, जेवायच्या आत सही करून परत या.

भिंतीला टेकलेल्या बारा गवंड्यांकडे ती वळली. "उभे का? बसा ना आपापल्या खाटेवर."

कुणी हललं नाही. एकाने दुसऱ्याकडे बघितलं, दुसऱ्याने मॅनेजरकडे.

"लाजतात हो."

"स्वतःच्या खाटेला कोण लाजतं?" म्हणत तिने खुर्ची ओढली आणि ठाण मांडलं. "मला घाई नाही."

बऱ्याच वेळाने पिकल्या मिशांच्या एका गवंड्याने खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि मॅनेजरच्या समोरून तो सरळ बाहेर पडला, मागच्या पत्र्याच्या शेडकडे. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. हेमलताही गेली.

शेडमध्ये खाट एकही नव्हती. म्हातारा जमिनीवरच्या पुठ्ठ्यावर मांडी घालून बसला. "ही माझी, ताई."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "झाली का सही?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर," म्हाताऱ्याशेजारी पुठ्ठ्यावर बसत ती म्हणाली, "अजून अकरा जण बसायचेत."