गादीच्या उंचीचं टेबल

गिरधर ओट्यावर टेबल उलटं ठेवून शेवटच्या पायाला पॉलिश कागद घासत होता, तेव्हा मेहुणा शालिग्राम आतून आला. म्हणाला, "दाजी, ऱ्हाऊ द्या आते ते. अक्काले खाले लेवं लागी."

गिरधरचा हात थांबला नाही. भिंतीला टेकवलेल्या मोबाईलवर टेबलाचं चित्र उघडं होतं. सून मयुरीने ते शोधून दिलं होतं. "बाबा, ज्यांनी जन्मात करवत धरली नाही त्यांच्यासाठीच आहे हे. शेकर म्हणून कोणी परदेशातले लोक, त्यांची पद्धत. नक्षी नाही, काही नाही. अगदी साधं." गिरधरची सगळी नोकरी वरणगावच्या फॅक्टरीत लोखंडाशी गेलेली, लाकडाशी सोयरीक जुळली ती या वयात. एक पाय वाया गेला, ड्रॉवर अडकला, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पण चित्राखालचं पहिलंच वाक्य मयुरीने वाचून दाखवलं होतं, ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. टेबल गादीच्या उंचीचं हवं, म्हणजे झोपल्या जागेवरून हात सरळ पेल्यापर्यंत जातो.

अर्धांगवायूने कुंदाबाईची वाचा गेली होती. डावा हात तेवढा तिचा राहिला होता. त्या हाताने ती चाचपायला गेली की खाटेशेजारचं प्लास्टिकचं स्टूल कलंडायचं, पाणी गादीवर सांडायचं, आणि मग ती दिवसभर कोणाकडे बघायची नाही. बायकोला आपल्या हाताने पाणी पिता यावं, एवढंच गिरधरला हवं होतं.

"खाले कसाले?" तो म्हणाला. "आत्तेच मन्हाकडे देखी ऱ्हायनी व्हती."

"वरला दम लागना शे, दाजी. खाटवर जीव जावाले नको. लोक काय म्हनतीन?"

लोक आत येऊन बसलेच होते. मध्यभागी दिपमालाकाकू, हातात तुळशीचं पान, पुढ्यात गंगाजळाची वाटी. कोणाचा दम कधी सुटणार ते काकूंना डॉक्टरच्या आधी कळतं, असा त्यांचा पिंप्राळ्यात लौकिक. "भाग्याची शे कुंदाबाई," त्या शेजारणीला सांगत होत्या. "कुकू लई चालनी." सवाष्ण मरण्याचं ते भाग्य ऐकून गिरधरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो टेबलाचा पाय आणखी जोराने घासायला लागला.

चौघांनी चादरीची टोकं धरली आणि कुंदाबाईला खाली घेतलं. फरशीवर कुठून तरी आणलेलं शेण नावापुरतं सारवलं होतं, त्यावर गोधडी होती. खाट उचलून अंगणात उभी करून ठेवली. एकदा खाली घेतलेलं माणूस परत खाटेवर चढवत नाहीत. ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणाला सांगावं लागलं नाही.

गिरधरने टेबल आत आणलं, तिच्या डाव्या हाताशी ठेवलं, त्यावर पाण्याचा पेला ठेवला. कुंदाबाईचे डोळे पेल्यावर गेले. तिचा हात उचलला गेला, टेबलाच्या पायाला लागला, पायावरून वर सरकला आणि अर्ध्यातून थकून खाली पडला. ड्रॉवरपर्यंतसुद्धा पोहोचला नाही.

"पानी मांगी ऱ्हायनी ती," गिरधर म्हणाला.

काकूंनी तुळशीचं पान गंगाजळात बुडवून तिच्या ओठांशी नेलं. कुंदाबाईने तोंड फिरवलं.

गिरधर उठला आणि ओट्यावरून करवत घेऊन आला. टेबल आडवं केलं, गुडघ्याखाली दाबलं आणि ड्रॉवरच्या जरा खाली पातं लावलं.

"दाजी! येडं लागनं का?"

"तिना हात पुरत नही."

पाय खालच्या अंगाला निमुळते करताना त्याचा सगळ्यात जास्त जीव गेला होता. रंधा मारून मारून तळहाताला फोड आले होते. नेमका तोच भाग आता तो कापून टाकत होता. भुसा सारवणावर पडला, गोधडीवर पडला, कुंदाबाईच्या केसांत पडला. करवतीचा आवाज गल्लीत गेला, तसं बाहेरून कोणीतरी दारात डोकावून विचारलं, "तिरडीना बांबू उनात का?"

गिरधर कापत राहिला.

कापलेलं टेबल जमिनीवर डुगडुगलं. गिरधरने पॉलिश कागदाची घडी एका पायाखाली सरकवली आणि पेला पुन्हा वर ठेवला. कुंदाबाईचा हात परत निघाला. या वेळी तो टेबलाच्या कडेला लागला, वर चढला, पेल्याशी गेला. बोटं पेल्याभोवती आवळली. गिरधरने तिची मान उचलून धरली. पेल्याला मात्र हात लावला नाही. ती प्यायली. थोडं हनुवटीवरून ओघळलं, बाकीचं घशाखाली उतरलं, ते सगळ्यांना ऐकू आलं. मग तिने पेला टेबलावर ठेवला, आणि नीट बसला का ते बोटाने चाचपून बघितलं.

गिरधरला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

कुंदाबाई दाराकडे बघत होती. दारातून अंगणातली उभी खाट दिसत होती. तिने हात उचलून खाटेकडे बोट केलं.

गिरधरने शालिग्रामकडे बघितलं. शालिग्रामने फरशीकडे बघितलं. जागचं कोणी हललं नाही.

दिपमालाकाकूंनी हातातलं तुळशीचं पान ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं, सुकू नये म्हणून.