तीन नसलेल्या बायका

“आज एक तर तो लाल ठिपका इथून जाईल, नाहीतर मी जाईन!” असं म्हणत रक्तवाल्या बाई मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. एका जिन्याने त्यांना दम लागला होता. डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली, पण बाई बसल्या नाहीत.

सव्वीस वर्षं त्या या प्रयोगशाळेत रक्त काढत होत्या. एका टोचणीत शीर सापडायची. चार महिन्यांपूर्वी एका कंपनीने इथल्या संगणकात नवा प्रोग्राम बसवला. लाखो जुने रिपोर्ट वाचून तो शिकला होता म्हणे. साध्या रक्ततपासणीचे आकडे बघून तो कॅन्सरची शंका घ्यायचा आणि नावापुढे लाल ठिपका ठेवायचा. माणसाचं तोंडही न बघता! बाईंचं डोकं तिथेच फिरायचं.

प्रोग्राम बसवणारी इंजिनिअर मुलगी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती. बाईंनी तिलाच धरलं.

“त्या शिवणकामवाल्या ताई आठवतात? तुझा ठिपका आला आणि स्कॅनमध्ये काही म्हणजे काही निघालं नाही. पण मधले पंधरा दिवस ती बाई लेकीला कपाटात काय कुठे ठेवलंय ते दाखवत होती. त्याचा जाब कोण देणार?”

“काही ठिपके चुकतात, मावशी. म्हणून तर पुढची तपासणी...”

“मावशी-बिवशी नको. धसक्याने माणसं अर्धी होतात. माझंच बघ. या रागापायी चार महिने अन्न गोड लागत नाहीये. या एप्रनमध्ये आता आणखी एक बाई मावेल.”

डॉक्टर हसले. “बाई, राग ठीक आहे. पुरावा आहे का काही?”

बाईंनी तीन रिपोर्ट टेबलावर आपटले.

“गेल्या तीन सोमवारी एकेक नळी मीच तपासणीला लावली. नावं मनाने लिहिली. अशा बायका जगात नाहीतच. आणि तिघींनाही लाल ठिपका!”

डॉक्टरांनी तिन्ही कागद वाचले. आकडे सगळे नेहमीच्या मर्यादेत होते. ठिपका मात्र तिन्हींवर होता. त्यांचं हसू मावळलं.

“नसलेल्या बायकांना कॅन्सर? आणि याच्या भरवशावर आपण लोकांची झोप उडवतोय? काढा हे. आत्ताच्या आत्ता.”

मुलीचा चेहरा उतरला. वाद न घालता तिने प्रोग्राम काढून टाकला. पडद्यावरचे ठिपके गेले. बाई आता कुठे खुर्चीत टेकल्या. त्या शिवणकामवाल्या ताईंना स्वतः फोन करून सांगायचं, असं त्यांनी मनात ठरवून टाकलं.

मुलगी वायर गुंडाळत होती. टेबलावरचे तीन रिपोर्ट तिने उचलले, शेजारी शेजारी धरले आणि तिचे हात थांबले.

“मावशी, नावं खोटी होती. पण नळीत रक्त तर खरंच होतं ना?”

“मग काय, लाल शाई घालेन?” बाई उखडल्या. “तुम्हाला बोलायला जागा नको म्हणून चांगल्या धडधाकट माणसाचं घेतलं.”

“कुणाचं?”

बाईंनी ऐटीत बाही वर सरकवली.

“तिन्ही वेळा माझंच.”